नकाशात नसलेली वाट

परवा दुपारी मोबाइलच्या पडद्यावर एक इवलीशी गाडी सरकताना पाहिली. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मी डोंगरावरच्या वस्तीत बहिणीकडे, सुषमाकडे गेले होते. ती तिथल्या शाळेत शिकवते. शेजारच्या पार्वतीकाकूंच्या सुनेला अचानक कळा सुरू झाल्या, म्हणून सुषमानं रुग्णवाहिका बोलावली; ती कुठवर आली, ते फोनवरच्या नकाशात दिसत होतं. (बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते.) पूर्वी नकाशातला रस्ता खालच्या फाट्यालाच संपायचा. गाडी भलत्याच वाडीत शिरायची आणि इथं माणसं ताटकळत बसायची. गेल्या महिन्यात सुषमा हातात फोन धरून फाट्यापासून वस्तीपर्यंतची कच्ची वाट चालली आणि तिनं ती नकाशात भरली.

आता फोनमधली गाडी फाट्याशी येऊन थबकली.

"वळ रे बाबा," सुषमा पुटपुटली.

गाडी वळली. आमच्याच दिशेनं! मी लहान पोरीसारखी ओरडलेच.

या वाटेवरून किती पिढ्यांची पावलं गेली असतील! वस्तीला ती डोळे मिटूनही चालता यायची, पण बाहेरच्यांच्या लेखी ती नव्हतीच. एका बारीकशा निळ्या रेघेनं ती जगाला जोडली गेली.

धूळ उडवत गाडी अंगणात आली. ड्रायव्हरनं वाटेत कुणालाही काही विचारलं नव्हतं. काकूंनी सुनेला हात देऊन उठवलं आणि त्या म्हणाल्या, "चल पोरी, आपलं घर सापडलं त्यांना."