केबिन रोडवरून आणलेली गाणारी माळ

मंडळी, घरात बसवत नाही म्हणून सायबर कॅफेत येऊन हे ग्रुपवर लिहितेय.

सकाळी ख्रिसमस ट्रीवर दिव्यांची जुनी माळ लावली, तर पेटेचना. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद! एक चांगला बल्ब घेऊन प्रत्येक जागी लावून पाहिला. बोटं सोलली, पण माळ ढिम्म.

शेवटी उत्तनहून बस पकडून केबिन रोडचा बाजार गाठला. दुकानदाराने नवी माळ क्षणभर लावून दाखवली. "भाभी, एकदम नया माल है, म्युझिकवाला!"

घरी लावली तेव्हा कळलं, म्युझिक म्हणजे काय ते. तीच तीन गाणी, चिरक्या आवाजात, न थांबता. आवाज बंद करायला बटणच नाही! नवऱ्याने माळेच्या डबीतली एक वायर सोडवली, तर दिवे गेले आणि गाणं चालूच. वायर परत जोडली.

"उद्याच ही परत देऊन येते!" मी ओरडले.

तेवढ्यात सासरे काठी टेकत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर पूर्ण गेली. गेले दोन्ही ख्रिसमस ते सारखं विचारायचे, "दिवे लागले का?" आज चाचपत झाडाशेजारी बसले आणि हसून म्हणाले, "बाय, यंदा इचारायला लागलं न्हाय. दिवे लागले हाय, मला समजतंय."

माळ आता परत जाणार नाही.

पण जानेवारीत झाड उतरेपर्यंत तीच तीन गाणी ऐकायची आहेत हो! कानात घालायला कापसापेक्षा बरं काही आहे का कुणाकडे?