तेल पातळ झालं तेव्हा

आज सकाळी केसांना लावायला खोबरेल तेलाची बाटली उपडी केली, तर तेल घळकन तळहातावर आलं. त्या वासासरशी मी जळगावच्या फ्लॅटमधून थेट पारोळ्याच्या घरी पोचले.

लग्नानंतरची माझी पहिली थंडी सरत होती. ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, करायचे होते. सासूबाईंना मी अक्का म्हणायचे. त्या म्हणाल्या, "आजून थंडी शे वं. बिबडा बुरसतीन."

मला राहवलं नाही. मी तेलाची बाटली त्यांच्यासमोर उपडी केली. "अक्का, रात्रभर खिडकीत होती, तरी तेल गोठलं नाही. थंडी गेली."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "नासनात ते तुना डोकावर," म्हणाल्या, म्हणजे नासले तर खापर माझ्यावर, आणि ज्वारी भिजत घातली.

तीन दिवस माझा जीव टांगणीला. चौथ्या दिवशी ज्वारी दळून, शिजवून गच्चीवर ओल्या धोतरांवर बिबडे थापले. ऊन असं तापलं की दुसऱ्याच दुपारी अक्कांनी एक मोडला, तो कडकन वाजला. "वायी गयात वं बठ्ठा!" सगळे वाळल्याची ही आरोळी अख्ख्या गल्लीने ऐकली.

तो माझा निव्वळ अंदाज होता, हे आज कबूल करते. पण पुढे दरवर्षी अक्का मलाच विचारायच्या, "काय म्हनस तुनं तेल?"

आत्ताच मुलगा मोबाईल बघून म्हणाला, "आई, अजून चार दिवस थंडी आहे."

म्हणू दे. मी ज्वारी भिजत घातली आहे.