बाळूच्या शेकरातलं ग्लुकोज

हे आजवर कुणालाच बोललो न्हाई — बायकोला न्हाई, तालमीतल्या वस्ताद आप्पांना तर न्हाईच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

वडगाव रासाईच्या तालमीत मी आन् बाळू एकाच वजनाचे, रोज एकमेकांशीच लढायचो. मी रांजणगावला कंपनीत लागलो, तवा तिथल्या जिमवाल्या पोरांनी सांगितलं — अमिनो ॲसिडची पावडर घे, कसरतीनंतर प्यायली की अंग लवकर भरतं. आणला डबा. बाळू म्हणाला, मलाबी दे. दिली — पण काय दिली? दोघांचे शेकर, म्हंजे पावडर घोळायच्या बाटल्या, रोज मीच हलवायचो. माझ्यात अमिनो, त्याच्यात संत्र्याचं ग्लुकोज. रंग सारखाच. तालुक्यातनं आमच्या वजनात एकच जण जिल्ह्याला जाणार होता ना!

आन् काय कुस्ती झाली हो ती! शिरूरची मॅट, तालुक्याची शेवटची कुस्ती, मी आन् बाळू समोरासमोर, माणसं खुर्च्यांवर उभी. मी पट काढायला, म्हंजे त्याचे पाय धरायला घुसलो, त्यानं वरच्यावर धरलं आन् ढाक डावावर असं उचलून टाकलं की मला थेट छपराचे पत्रेच दिसले. हरलो मी — पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? नुसत्या ग्लुकोजवर जिंकला होता गडी! वर मलाच खांद्यावर घेऊन नाचला, सगळ्यांना सांगत सुटला, ही ह्याच्या पावडरीची कमाल हाय म्हणून.

तवाच सांगायचं होतं — न्हाई का?

जिल्ह्याच्या कुस्त्या यवतला होत्या. शिरूरनंतर मी तालमीत शेकर न्यायचं सोडलं होतं. आठवडा राहिला आन् बाळू घरी आला. म्हणाला, "पावडर दे रं. तिच्याबिगर माझं काय खरं न्हाई."

एका वाक्याचं काम होतं. अरे, त्यात काहीच नव्हतं, जिंकलास तो तुझ्याच जोरावर — एवढंच. माझा डबा आत फळीवर अर्धा भरलेला होता. मी म्हणालो, "संपली. आता मिळत न्हाई."

यवतला तो मॅटवर आला तोच पाय मागं घेत. मला उचलून टाकणारा गडी — समोरच्यानं नुसता हात लावला तरी सरकत होता. हरला. आन् मी? खुर्चीत बसून बघत होतो, आन् मला बरं वाटलं. व्हय, बरं वाटलं.

त्यानंतर बाळूनं कुस्ती सोडली. अजून भेटला की म्हणतो, तवा तुझी पावडर असती तर यवतची कुस्ती मारली असती.

मी म्हणतो, व्हय.