एवढं बघून घेऊ

या पृथ्वीतलावर बघण्यासारखं जे काही आहे, ते आमच्या आत्तोबांनी एक तर बघितलेलं आहे किंवा त्या वर्षी त्यांना रजा मिळालेली नव्हती. आत्तोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. एका व्यापारी कंपनीच्या मुंबई ऑफिसातून तीन वर्षांच्या बोलीवर योकोहामाला आले आणि लोणच्यासारखे तिथेच मुरले. पुढे पुण्या-मुंबईहून आम्हा आयटीवाल्यांची जपानात रीघ लागली, टोकियोतल्या निशी-कसाईच्या गल्ल्यांतून फोडणीचा वास यायला लागला, तेव्हा ते आम्हाला 'नवीन भरती' म्हणत. मी जपानात उतरलो त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते माझ्या दारात हजर. घरात गादी नाही, फ्रिज नाही, बायको अजून पुण्यात, आणि हे विचारतात, "जावईबापू, कामाकुराचा बुद्ध बघितलात का?" मी म्हटलं, "अहो आत्तोबा, अजून गॅससुद्धा जोडलेला नाही." त्यावर ते म्हणाले, "गॅस काय, उद्याही जोडतील. बुद्धावर आज ऊन चांगलं पडलंय." गेलो. संध्याकाळी थंड पाण्याने हातपाय धुऊन ब्रेड खाऊन झोपलो, पण ऊन खरोखरच चांगलं पडलं होतं.

त्यांचं बघणं हे बघणं नसून तपासणी असे. जुनी इमारत दिसली की आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक. मग खांबाला मिठी मारून त्याचा घेर मोजायचा. मग विहीर असेल तर तिच्यात वाकून 'ओ' द्यायची. माहितीची पाटी सगळ्यांत शेवटी, कारण "पाटी आधी वाचली की डोळे आळशी होतात." एका डोंगराळ गावात गवताच्या उतरत्या छपरांची जुनी घरं बघायला आम्ही गेलो होतो. सगळे पर्यटक फोटो काढून पुढे सरकले. आत्तोबा मात्र घरमालकिणीला गाठून एवढ्या गवतात उंदरांचा बंदोबस्त कसा करता, हे विचारत बसले. तिने सांगितलेला उपाय त्यांना पटेना. त्यांनी कोकणातला सांगितला. तो तिला पटेना. वाद इतका रंगला, की शेवटी त्या बिचारीने आम्हाला सगळ्यांना जेवायला वाढलं, आणि आत्तोबांनी पिशवीतली थालिपीठं काढून तिच्या नवऱ्याच्या पानात घातली.

या सगळ्यात आत्या कुठे होत्या, असं विचाराल तर त्या मागून येत असत. मुलुंडला त्यांनी एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. सोफ्यावर चादर, फ्रिज उघडा ठेवलेला आणि दाराला भलंमोठं कुलूप. त्या घरात राहायला जावं एवढंच त्यांचं मागणं होतं. "मला काही नको गं," त्या माझ्या बायकोला म्हणत, "रोज सकाळी भाजीवाल्याशी मराठीत भांडायचं आहे." आणि दर वर्षी पोस्टिंगची मुदत संपत आली, आत्यांनी "मग, कधी जायचं परत?" असं विचारलं, की आत्तोबा जमिनीवर नकाशा पसरत. "एवढं बघून घेऊ, मग जाऊच." कंपनीचे साहेबही भले, मुदत वाढवून देत. असं करत करत आत्यांचा अख्खा जपान बघून झाला. त्या वर्षी त्यांनी बजावलं, "आता या देशात काही शिल्लक नाही. जूनमध्ये मी जाणार. तुम्ही आलात तर बरोबर, नाहीतर एकटी." आत्तोबांनी नकाशा उलटा केला आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या फुजियान प्रांतावर बोट ठेवलं. "हे जपानात कुठे आहे?"

मेच्या जोडसुट्टीत आम्ही चौघं निघालो. माझी बायको आत्यांना सोबत म्हणून आणि मी जावई म्हणून, म्हणजे सामान उचलायला. एरवी आत्तोबा जपानी शिस्तीच्या नावाने बोटं मोडत. "या देशात गोत्र विचारल्याशिवाय कचरासुद्धा घेत नाहीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. पण चीनमध्ये उतरल्याबरोबर त्यांच्या अंगात अख्खं योकोहामा संचारलं. जळणारा कचरा एका पिशवीत, बाटल्या दुसरीत, डबे तिसरीत. कचराकुंड्या दिसत होत्या, पण प्रत्येक कुंडीत सगळं एकत्र बघून त्यांचा हात पुढे होईना. तीन पिशव्या घेऊन आम्ही प्राचीन देवळं बघत हिंडलो. गावाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर त्यांनी आम्हाला एकामागे एक, जपानी फलाटावर उभं करावं तसं उभं केलं. बस आली, चहूबाजूंनी माणसं घुसली, बस गेली. दुसरी आली, गेली. तिसरीही भरून निघून गेली. "चौथी आपलीच," आत्तोबा म्हणाले. चौथी आली तेव्हा आत्यांनी पदर खोचला, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि आत शिरून खिडकीतून ओरडल्या, "जागा धरलीय, या!" इतक्या वर्षांनी त्यांना आपला प्रांत सापडला होता.

च्वानझौ नावाच्या जुन्या बंदराच्या गावी एक मोठं बौद्ध मंदिर आहे. त्याच्या सभामंडपामागे दोन दगडी खांब आहेत आणि त्यांवर चक्क आपले देव. कधीकाळी दक्षिणेतून व्यापारी तिथे येत, त्यांच्या पडलेल्या देवळाचे हे खांब. नरसिंह दिसताच आत्तोबांनी पायातले बूट काढले. तेवढ्यात शाळेची एक सहल तिथे आली. आत्तोबांनी त्या मुलांना प्रल्हादाची गोष्ट सांगायला घेतली, शुद्ध मराठीत. खांब फोडून नरसिंह झाले, हिरण्यकशिपूही तेच, आणि शेवटी स्वतःच्याच मांडीवर आडवं होता येईना म्हणून मला आडवं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बाईंनी आम्हाला पुढचा खेळ किती वाजता आहे, असं खुणेने विचारलं.

आणि मग, डोंगरातल्या एका गावात, ते गोल घर. चार मजली, मातीचं, बुरुजासारख्या जाड भिंतींचं. बाहेरून एकच दार, आत अंगण, आणि अंगणाभोवती खोल्याच खोल्या. एकाच आडनावाची अख्खी भावकी एकेकाळी तिथे नांदत होती. जपानी येणारी एक गाइड मुलगी आम्हाला तिथे भेटली. आत्तोबा जपानीत विचारत, ती सांगे. आता बहुतेक दारांना कुलपं होती. माणसं कामाला शहरांत गेलेली. अंगणात एक म्हातारी सुपात चहाची पानं घेऊन त्यातल्या काड्या निवडत बसली होती. आत्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि मेथी निवडावी तशा काड्या काढायला लागल्या. कोणी कोणाला विचारलं नाही.

आत्तोबांची भिंतीवर टकटक चालू होती. म्हातारीने गाइडला काहीतरी विचारलं. "आजी विचारतायत, तुम्ही कुठून आलात?"

"योकोहामा," आत्तोबा म्हणाले.

म्हातारीचे हात थांबले. तिचा मुलगा योकोहामातच होता, तिथल्या चिनी वस्तीत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. "आजी म्हणतायत, तुमच्या ओळखीचा असेल."

"नाही हो," आत्तोबा म्हणाले. मग विचारलं, "परत कधी येणार आहे तो?"

म्हातारी हसली. गाइडही तिचं ऐकून हसली. "पुढच्या वर्षी, म्हणतायत. दर वर्षी तो पुढच्या वर्षी येणार असतो."

आत्तोबांचं बोट भिंतीवरच राहिलं. आत्यांना जपानी बऱ्यापैकी समजे. मान वर न करता त्या मराठीत म्हणाल्या, "आमच्या मुलुंडच्या दारालाही असलंच कुलूप आहे म्हणावं."

म्हातारीने गाइडकडे बघितलं, गाइडने आत्तोबांकडे. सांगणार दुसरं कोण? कुठल्याही गोष्टीला ज्यांच्याकडे पंधरा मिनिटांचं उत्तर असे, त्या आत्तोबांनी ते एक वाक्य शब्द शोधत शोधत जपानीत सांगितलं. गाइडने ते म्हातारीला सांगितलं. तिने आत्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दोघी पुन्हा काड्या निवडायला लागल्या.

निघताना तिने मुलासाठी चहाची एक पुडी दिली. गाइड म्हणाली, टेकडीपलीकडे याहून जुनं, चौकोनी घर आहे, गाडी तयार आहे. आम्ही सवयीने सामान उचललं. आत्तोबा म्हणाले, "नको. राहू दे." माझ्या बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

योकोहामाला परतल्यावर एक अख्खा शनिवार ते चिनी वस्तीतल्या हॉटेलांची मागची दारं ठोठावत फिरले. मुलगा सापडला. त्याच्याशी काय बोलले ते आम्हाला कधी सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी आत्यांना एवढंच विचारलं, "सामानाला खोकी किती लागतील?" जूनमध्ये दोघं मुलुंडला गेली. विमानतळावर मी हसत होतो खरा, पण घरी येताना मला फार पोरकं वाटलं.

आता त्यांचा रविवारी फोन येतो. आत्या भाजीवाल्याशी मनसोक्त भांडतात. आत्तोबा कचऱ्याच्या तीन पिशव्या करतात आणि गाडीवाला त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी गोत्रं एक करतो. इकडे माझं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढलंय. त्यानंतर झालेली आमची मुलगी मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. परवा बायकोने विचारलं, "मग, कधी जायचं?" मी जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या गाड्यांचं वेळापत्रक बघत होतो. तिथे एक जुनं कुंभारांचं गाव आहे, आत्तोबांनीच पूर्वी सांगितलेलं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. मी उत्साहाने म्हटलं, "आत्तोबा, ते कुंभारांचं गाव राहिलंय बघा. एवढं बघून घेऊ, मग येऊच."

मला वाटलं, आता गाडी कुठली, डबा कुठला, ऊन किती वाजता पडतं, सगळं सांगतील.

"जावईबापू," ते म्हणाले, "तेवढं न बघताच या."