हळदीच्या गिरणीतले दोन आवाज

हळदीच्या धुळीचा स्फोट झाला आणि मी एका निरपराध माणसाला बॉम्ब ठेवल्याबद्दल आत टाकलं. पोलीस सेवेत चुका पुष्कळ केल्या. पण ही आठवली की अजूनही अंगावर काटा येतो, आणि मागोमाग हसूही.

हिंगोलीजवळची हळद दळायची गिरणी. दुपारी कामगार बाहेर जेवायला बसलेले असताना आत एक दणका झाला. लगेच दुसरा, पहिल्याहून कितीतरी मोठा. आम्ही पोहोचलो तेव्हा पत्रे उडालेले. भिंती पिवळ्या, कोळ्यांची जाळी पिवळी, दारातलं कुत्रंही पिवळं. ते भुंकत नव्हतं, नुसतं बघत होतं. दळलेली हळद साठवायच्या दोन बंद लोखंडी टाक्या होत्या. एक उभी फाटलेली. दुसऱ्या शाबूत टाकीला मी कान लावला. पत्रा कोमट, आणि आत काहीतरी हळूहळू कुरकुरत होतं. “टायमर!” असं ओरडून मी जो पळालो तो थेट रस्त्यावर. माझ्यामागे पंच, पंचांमागे कुत्रं.

खबऱ्यानं सांगितलं, शेजारचा एक जण विहिरींना सुरुंग लावतो. त्याच्या वेचलेल्या कापसावर हळद बसते म्हणून गिरणीच्या मालकाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालंय. मला आणखी काय हवं होतं? उचलला.

चौकशीत माझा एकच धोशा. “आवाज दोन झाले. दुसरा बॉम्ब कुठून आणलास?”

“साहेब, पयलाच न्हाई आणला, तर दुसरा कुठून आणू?”

हवालदार तोंड फिरवून हसला. मी जबाबात लिहिलं, आरोपी उडवाउडवीची उत्तरं देतो. बाहेर बाकावर त्याची बायको बसून होती. दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर करायचं होतं. स्फोटकांचं कलम लागलं की त्याचा सुरुंगाचा परवाना गेला, जामीनही लांबला.

तेवढ्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञ बाई गिरणीत आल्या. मी शाबूत टाकी उघडायला माणसं चढवली होती.

“आधी खाली उतरवा त्यांना! हळद धुमसतेय आत. झाकण उघडलं, वारा गेला, धूळ उठली, की पंचनामा तुमचाच!”

टाकी तशीच थंड होऊ दिली. आतली कुरकुर दिवस मावळेपर्यंत ऐकू येत होती. मग मंद झाली, थांबली.

ठाण्यात बाईंनी बिस्किटांच्या डब्यात मेणबत्ती लावली आणि डब्याच्या तळाशी खुपसलेल्या नळीतून चिमूटभर हळद फुंकली. भप्प झालं, विझलं. मग झाकण लावून फुंकली. झाकण छताला आपटून माझ्या टेबलावर पडलं. कोठडीच्या गजांमागून सुरुंगवाला बघत होता.

“उघड्यावर नुसती भडकते,” बाई म्हणाल्या. “कोंडली की पसरायला जागा नसते, मग पत्रा फाडते. पहिल्या दणक्यानं तुळयांवरची धूळ खाली आली, खोलीभर झाली, तीही पेटली. हा तुमचा दुसरा बॉम्ब.”

फाटलेल्या टाकीत चक्कीतला निसटलेला नट सापडला, घासून निळा पडलेला. ठिणगी त्याचीच. स्फोटकाचा अंश नाही, जमिनीला खड्डा नाही. खड्डा नाही हे मलाही दिसायला हवं होतं. पण तोवरची माझी सगळी नोकरी जागेवर काय आहे ते लिहिण्यात गेली होती. काय नाही ते बघायला मी त्या दिवसापासून शिकलो.

त्याला सोडलं. बाकाजवळ जाऊन म्हणालो, “ताई, चूक झाली. घेऊन जा घरी.”

“न्हेते की. पर गावात येऊन सांगा, ह्यानं काय केलं न्हाई म्हून.”

“सांगतो ना. मी स्वतः येतो.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“त्या बाईला बी संगं आणा. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर आता कोण इस्वास ठेवल?”