चुन्याचे दगड

मालगाडी जाऊ लागली की वासुदेव ठाकरे बोलणे अर्ध्यावर टाकून ओट्यावर उभे राहत. शेवटचा डबा येईपर्यंत चाके न्याहाळत, त्यातल्या गार्डला हात दाखवत, आणि तुटलेले वाक्य त्याच शब्दापासून पुढे नेत. मालगाडीचे गार्ड म्हणूनच त्यांची नोकरी झाली होती. मी पोलाद कारखान्यातला कारकून. निवृत्तीनंतर हिंदी मुलखात, चरोद्याला रुळांलगत आमची घरे शेजारी-शेजारी आली.

पाखरांचा नाद त्यांना त्या शेवटच्या डब्यातच लागला. “सिग्नल नाही भेटला का गाडी तासन्‌तास उभी,” ते सांगत. “ना माणूस, ना बोलणं. पाखरं नाही पाहावं तं काय करावं जी?” पक्ष्यांची खरी नावे त्यांनी कधी विचारली नाहीत. बगळा म्हणजे स्टेशनमास्तर, “दिवसभर उभा राह्यते, काम काही दिसत नाही.” टिटवी म्हणजे गार्डीणबाई, कारण धोका दिसताच ती ओरडे. मला पक्ष्यांत रस नव्हता. तरी रोज सकाळी त्यांच्याबरोबर मागच्या माळावर जात असे. तेथे एक पळस होता, डबके होते, उन्हाळ्यात रिंगणीची जांभळी फुले होती.

पत्नी वारल्यावर मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. त्याच आठवड्यात टिटवीने माळावर उघड्या खडीत अंडी घातली होती.

“पिल्लं निघू दे बापू, मंग येतो,” ठाकरे त्याला म्हणाले.

“बाबा, एक चिड़िया के लिए रुकोगे?”

“तुह्या मायनं तुले असं उन्हात नाही वाढवलं, म्हणून इचारून राहिला तू.”

मुलगा एकटाच परतला.

पिल्ले निघण्याआधीच माळ विकला गेला. प्लॉट पाडण्यासाठी मुरमाचे ट्रक येऊ लागले. ठाकऱ्यांनी चुना कालवला, दगड रंगवले आणि घरट्याभोवती गोल मांडले. रेल्वेच्या आवारात जे जपायचे, मग ती बाग असो वा झाड, त्याभोवती असे पांढरे दगड असतात आणि कोणी ते ओलांडत नाही. “आता आंधळ्यालेही दिसन,” ते म्हणाले. मलाही ते योग्य वाटले.

दुसऱ्या सकाळी त्याच जागी मुरमाचा ढीग होता. टिटवी त्यावर घिरट्या घालत ओरडत होती. ठाकरे ट्रकवाल्यावर धावले.

“कावून टाकला इथं? दगड नाही दिसले तुले?”

“दिखिस, तभे त डारेन, कका,” तो बिचकत म्हणाला. दिसले म्हणूनच टाकला होता. ठेकेदार जेथे चुन्याची खूण करी तेथे माल ओतायचा, एवढेच त्याला सांगितलेले होते. त्याची चूक नव्हती.

ठाकरे खाली बसून हातांनी मुरूम उपसू लागले. मी त्यांना अडवले नाही. मागून मालगाडी आली. सगळे डबे गेले, शेवटचाही गेला. ते उठले नाहीत. त्यांनी मान वळवली नाही.

महिन्याच्या आत ते पुण्याला गेले. एकदा फोनवर मी विचारले, तिकडे काय दिसते. “समोरची बिल्डिंग,” ते म्हणाले. दिवाळीपूर्वी तिथेच वारले.

माळावर आता घरे आहेत. मालगाड्या जातात. कधी एखादा जुना गार्ड शेवटच्या डब्यातून ठाकऱ्यांच्या ओट्याकडे पाहतो आणि हात वर करतो. मी हात दाखवत नाही. मी रेल्वेचा माणूस नव्हे.