धक्क्यावरची बाय उठलीच नाही

आधी कबूल करा की मध्येच हसणार नाही. म्हणजे हसलात तरी चालेल म्हणा, माझी बायको प्रज्ञा रोजच हसते. पण माती मी खाल्लीय, तर ती कशी खाल्ली ते निदान मला सरळ सांगू तरी द्या.

मी राहतो कोपरला, डोंबिवली वेस्टला. कल्याणच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात कारकून आहे. वय त्रेचाळीस. या वयात लोक गुडघ्यांना तेल लावायला लागतात, मी गेम खेळायला लागलो. ही सगळी विजूची करणी. विजू माझा जुना दोस्त, मोहन्याला राहतो, एसी दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, मोठ्या कंपन्यांचे मारामारीवाले गेम सगळेच खेळतात. आपण एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून बनवलेले छोटे गेम खेळायचे, ज्यात हिंडायचं, कोडी सोडवायची, गोष्ट पुढे न्यायची. इंडी अ‍ॅडव्हेंचर म्हणतात त्यांना.

आणि निवडायचे नाहीत. विजू डोळे मिटून मोबाइलवर यादी सरकवणार, बोट थांबेल तो गेम त्या आठवड्याचा. आवडो न आवडो, चार तास खेळायचाच आणि रविवारी संध्याकाळी आमच्या पेजवर रिव्ह्यू टाकायचा. एक आठवडा त्याचा, एक माझा. पेज वाचतं कोण? मी, विजू आणि विजूची आतेबहीण.

आता नशीब कसं असतं बघा. विजूच्या आठवड्याला दीपस्तंभ, गुहा, बोलणारी मांजर. माझ्या आठवड्याला काय? एका गेममध्ये मी अळंबी होतो आणि कुठल्यातरी परक्या भाषेत येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारत होतो. दुसऱ्यात हरवलेला चष्मा शोधायचा होता. चष्मा हरवलाय म्हणून सगळा गेम धूसर. हे मला कळलंच नाही. चार तास डोळे चोळले आणि सोमवारी हाफ डे टाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेलो.

अशा हताश अवस्थेत माझ्या वाट्याला 'धक्क्यावरची बाय' आला.

गेम चक्क मराठी होता. उघडला तर खाडीचा धक्का, धक्क्यावर एक म्हातारी कोळीण बसलेली, बाजूला जाळं. पाणी हलतंय. एक बगळा येतो, थोडा वेळ उभा राहतो, जातो. मी माउस दाबला, तर बायने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत पाण्याकडे बघायला लागली. मी बाण दाबले. स्पेस दाबला. एस्केप दाबला, तर गेमच बंद झाला, तो परत लावला. बाय बसलेलीच.

एक सांगायचं राहिलं. माझा लॅपटॉप म्हणजे मेहुण्याने नवा घेतल्यावर मला दिलेला जुना. त्याच्या स्क्रीनच्या तळाला दोन बोटं जाड काळी पट्टी आहे, तिथलं काहीच दिसत नाही. मला सवय झालेली.

पाऊण तास मी त्या बायकडे बघत होतो आणि बाय खाडीकडे. मग मटण-भात जेवलो, लॅपटॉप चालू ठेवून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा पाच वाजलेले. बाय होती तिथेच होती. रिव्ह्यू तर टाकायचा होता. आता 'गेम चालत नाही' असं दोन शब्दांत लिहून मोकळा झालो असतो तर आज तुमच्यासमोर हे रडगाणं गात बसलो असतो का? पण झोप चांगली झालेली. डोकं एकदम चालायला लागलं. मला वाटलं, अरे, ही उठत नाही, हाच तर गेम आहे.

आणि मी लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू. 'या गेममध्ये काहीच घडत नाही आणि तीच त्याची ताकद आहे. चार तास मी त्या बायच्या शेजारी बसलो. ती उठली नाही. आयुष्यभर लोकांसाठी उठत आलेल्या बाईला कुणीतरी शेवटी बसू दिलं.' वर हेही ठोकून दिलं की मला माझी आजी आठवली, ती अशीच तासन् तास बसायची. माझी आजी आयुष्यात कधी एका जागी बसलेली मी पाहिली नाही. पण वाक्य जमून आलेलं, सोडवेना.

प्रज्ञाने वाचलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, खोटं तिला वासावरून कळतं.

"चार तास? तू तर घोरत होतास."

"गेम चालू होता ना."

"असं तर मग मी रोज आयसीयूतली सगळी मशीनं खेळते."

मी दुर्लक्ष केलं. कारण तोवर विजूचा फोन आलेला, "मिल्या, रडवलंस रे." विजूच्या आतेबहिणीने तो रिव्ह्यू पुढे पाठवला. तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. चार दिवसांत अनोळखी लोक मला सर म्हणायला लागले. परीक्षा विभागात मला 'ओ खिडकी नंबर तीन' म्हणतात. सर कोणी म्हणत नाही.

मग मेसेज आला. 'सर, मी हर्षाली. हा गेम मी बनवलाय. तुमचं लिखाण तीनदा वाचलं. दोन वर्षं लागली बनवायला आणि तुम्ही पहिलेच, ज्यांनी त्यावर काही लिहिलं. एक विचारू? म्हणजे बसण्याचा भाग सोडला तर बाकीचं तुम्हाला नको वाटलं का?'

बाकीचं म्हणजे काय? मला वाटलं, बगळा. बगळा आणि ते जाळं. मी ऐटीत उत्तर लिहिलं, 'खरं सांगू? बाकीचं सगळं काढून टाकलंस तरी चालेल. उलट गेम मोठा होईल. कापताना हात थरथरता कामा नये.'

कापताना हात थरथरता कामा नये. बघा, आजही ते वाक्य आठवलं की माझा हात थरथरतो.

तीन आठवड्यांनी तिचं बोलावणं आलं. ठाण्याला त्यांच्या कोळीवाड्यातल्या हॉलमध्ये ती गेम दाखवणार होती, मी प्रमुख पाहुणा. मी इस्त्रीचा शर्ट घातला. प्रज्ञा आणि विजू बरोबर. हॉलमध्ये वाड्यातली माणसं, तिच्या मैत्रिणी, एक-दोन म्हातारे, पहिल्या रांगेत तिची आई, हातभर बांगड्या घालून. मला गुलाबाचं फूल मिळालं. हर्षाली म्हणजे बावीस-तेवीसची सडपातळ पोरगी.

"आधी मी जुना गेम कसा होता त्याचं छोटं रेकॉर्डिंग दाखवते," ती म्हणाली. "मग नवीन."

पडद्यावर धक्का आला. बाय आली. बगळा आला. आणि खाली, जिथे माझ्या लॅपटॉपवर काळी पट्टी असते तिथे, पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. 'उठण्यासाठी एंटर दाबा.'

बाय उठली.

मित्रांनो, ती उठली, तिने जाळं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागली. ती चिखलातून गेली, बाजारात बर्फवाल्याशी भांडली, नवऱ्याच्या हरवलेल्या होडीचा माग काढत एकेका माणसाला भेटत गेली. प्रत्येकाकडे एक कोडं, एक आठवण. सहा भाग. शेवटी पहाटेच्या पाण्यात होडी सापडते तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. वल्ह्याचा आवाज तिने म्हणे स्वतः होडीत बसून रेकॉर्ड केलेला.

प्रज्ञाने माझ्याकडे नुसतं बघितलं. विजू खाली मान घालून पायातली चप्पल बघत होता.

"आणि आता नवीन," हर्षाली म्हणाली. पडद्यावर बाय बसली. खालची ओळ नव्हती. बगळाही नव्हता. लोक बघत राहिले. एक मिनिट गेलं. कोणीतरी विचारलं, "अटकला काय?"

"नाही काका, असाच आहे आता. सरांनी समजावलं मला. जुनं फोल्डर मी डिलीट केलं. ठेवलं असतं तर मोह झाला असता परत घालायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, दोन शब्द बोला ना."

सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? धरणीमाता पोटात घेत नाही, हॉलला फरशी असते. मी हललोच नाही. प्रज्ञा कानाशी आली आणि म्हणाली, "ऊठ. तुला तरी उठता येतं."

मी माइकसमोर गेलो. मनात ठरवलेलं, दोन गुळगुळीत वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. "सर, ती होरी कशाला काढली? होरी बरी व्हती."

मी हर्षालीकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की आता मी आजोबांना तिच्या वतीने पटवून देणार. तिथे माझा धीर सुटला.

"होडी मी बघितलीच नव्हती," मी माइकमध्ये म्हणालो. "आज पहिल्यांदा बघितली. माझ्या लॅपटॉपवर खालची ओळ दिसत नाही. मी एंटर दाबलाच नाही. मला वाटलं, गेम एवढाच आहे."

गुलाबाचं फूल मी माइकशेजारी ठेवून दिलं.

"पण सर, चार तास..." हर्षाली म्हणाली.

"पाऊण तास. बाकी झोपलेलो."

"आणि तुमची आजी?"

"ती कधी बसायची नाही."

पोरगी खुर्चीत बसली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती रडतेय की काय, ते कळेना. तिची आई सावकाश उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे यानं गेम खेललाच नाय?" तिने सगळ्या हॉलला विचारलं. मग मला, "मना त्यातला काय कलत नाय. पन दोन वर्सं माजी पोर त्या खुर्चीवरशी उठली नाय. जेवन पन तितंच. आनि तू झोपलास?"

यावर उत्तर असेल तर मला सांगा, मी त्या आईंना कळवतो.

वाचवलं ते प्रज्ञाने. ती पुढे आली आणि हर्षालीला म्हणाली, "अगं, जुना गेम याच्या लॅपटॉपवर असेल. हा आयुष्यात काही डिलीट करत नाही."

हर्षालीने तोंडावरचे हात काढले. "डाउनलोड केलेला?"

"केलेला," मी म्हणालो. "नुसता खेळलो नाही."

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप पोटाशी धरून ठाण्याला गेलो. इतकं जपून मी प्रज्ञाला दवाखान्यातून बाळासकट घरी आणलं नव्हतं. गेम निघाला, अख्खा, सहाही भाग, वल्ह्याच्या आवाजासकट. आतल्या मूळ फाइली गेल्याच, ते काम तिला पुन्हा करावं लागणार होतं, पण गेम लोकांना खेळता येणार होता. हर्षालीने तो परत चढवला आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मी मनापासून माफी मागितली. "सर, चूक माझीपण आहे," ती म्हणाली. "मला कोणी चांगलं म्हटलं, त्यातच मी वाहवत गेले." हे ऐकून मला जास्तच मेल्यासारखं झालं.

मी निघायला लागलो, तर आई दारात आडवी. "आता हितंच बस आनि खेल. माज्यासमोर."

खेळलो. हर्षालीच्या चांगल्या स्क्रीनवर, मागे आई उभी. चिखलात तीनदा रुतलो, बर्फवाल्याने दोनदा हाकललं. आई मागून सांगत होती, "आरं, उजवीकरं, उजवीकरं जा." तिला म्हणे काही कळत नव्हतं. मधे तिने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी आणून दिली, पण उठू दिलं नाही. होडी सापडली तेव्हा साडेपाच तास झालेले आणि मला समोरचं दिसत नव्हतं. या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरची गरज नव्हती, खरंच पाणी आलेलं.

घरी येऊन मी दुसरा रिव्ह्यू लिहिला. आधी स्पष्ट कबुली दिली, की पहिल्यात निव्वळ थापा होत्या. मग सहाही भागांवर एकेक करून लिहिलं. कोडी कुठे अवघड आहेत, कुठे कंटाळा आला, शेवट का भिडला. एक शब्द खोटा नाही, आजीचं नाव नाही. प्रज्ञाने दोनदा तपासला आणि मग जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी उत्साहाने उघडून बघितलं. खाली एकच कमेंट होती, कोणा अनोळखी वाचकाची.

'सर, तुमचा पहिला रिव्ह्यू काळजातून आलेला. हा मात्र गेम न खेळता लिहिल्यासारखा वाटतो.'